पात हिरवीगार, फुलाचा पत्ता नाही : लेस्टरमधल्या एका बागेतले संकरित डॅफोडिल

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका उपनगरात माझ्या ओळखीच्या मराठी जोडप्याचं घर आहे. दोघंही निवृत्त, मी त्यांना काका-काकूच म्हणते. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी लावलेले डॅफोडिल बागेत होतेच. पहिली काही वर्षं मार्चचा मध्य आला की अंगण पिवळंधमक व्हायचं, येणारे-जाणारे थांबून बघायचे. मग दर वर्षी फुलं कमी होत गेली. मला बोलावलं त्या वसंतात पात चांगली हातभर वाढली होती, पण फूल शोधून काढावं लागत होतं. इथले माळी अशा कंदांना 'आंधळे' म्हणतात.

काकूंचं मत, कंद म्हातारे झाले. काकांचं मत त्याहून पक्कं होतं : "अगं, ही हायब्रीड जात. हायब्रीडचा जोर पहिली काही वर्षंच असतो. सगळे उपटून टाकू आणि सप्टेंबरात नवे आणू." नवे कंद इथे स्वस्तात मिळतात, त्यामुळे बहुतेक घरांत हेच होतं. मी त्यांना थांबायला सांगितलं. ज्या कारणाने जुन्या कंदांना फूल येईना ते कारण बागेतच असेल, तर नव्या कंदांचीही तीन-चार वर्षांत तीच गत होणार.

काकांची शंका चुकीची नव्हती, पण ती बियाण्याला लागू पडते. संकरित मक्याचं किंवा टोमॅटोचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर गुण फाकतात, कारण प्रत्येक बी म्हणजे नवी सरमिसळ असते. बागेतले डॅफोडिल बियांपासून वाढवलेले नसतात. संकरातून मिळालेल्या एका रोपाच्या कंदाला पिल्लं फुटतात, त्या पिल्लांना आणखी पिल्लं, आणि ती सगळी मूळ रोपाचीच हुबेहूब प्रत असतात. कॉर्नवॉलमध्ये पी. डी. विल्यम्स यांनी काढलेली 'कार्लटन' ही जात १९२७ च्या आधीची आहे आणि आजही शेतांत, बागांत लाखोंनी फुलते. कंद नुसत्या वयाने थकत असते तर ती केव्हाच संपली असती. विषाणू शिरून एखादी जात खंगते हे खरं, पण त्याची खूण पातीवर दिसते : फिकट पिवळ्या उभ्या रेघा आणि पिळवटलेली पानं. इथे तसं काहीच नव्हतं. पात तजेलदार होती.

आधी फूल मोजलं

जी काही थोडी फुलं आली होती त्यातलं एक ताजं फूल तोडून आम्ही ओट्यावर पट्टीने मोजलं. डॅफोडिलच्या मधोमध जो पेला किंवा तुतारी असते, तिची लांबी आणि बाहेरच्या पाकळीची लांबी यांच्या प्रमाणावरून फुलाचा वर्ग ठरतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिलचे १३ वर्ग केले आहेत. एका देठावर एकच फूल आणि तुतारी पाकळीएवढी किंवा तिच्याहून लांब असेल, तर पहिला वर्ग. पेला पाकळीच्या एक तृतीयांशाहून लांब पण पाकळीहून आखूड असेल, तर दुसरा. आमच्या फुलाची पाकळी ४४ मिलिमीटर भरली आणि तुतारी ४६. पाकळीही पिवळी, तुतारीही पिवळी. म्हणजे पहिला वर्ग.

काकांनी घराबरोबर आलेली, रोपाचं नाव लिहायची एक प्लॅस्टिकची पट्टी जपून ठेवली होती, तिच्यावर 'किंग आल्फ्रेड' लिहिलेलं. मला ते खरं वाटलं नाही. डेव्हनमध्ये जॉन केंडल यांनी तयार केलेल्या या जातीला १८९९ मध्ये सोसायटीचं पहिल्या दर्जाचं प्रशस्तिपत्र मिळालं; ते पाहायला केंडल हयात नव्हते. पुढे हे नाव इतकं गाजलं की कुठल्याही मोठ्या पिवळ्या तुतारीला ते चिकटवलं जाऊ लागलं. आज त्या नावाने मिळणारे कंद बहुतेक वेळा 'डच मास्टर' किंवा तसल्याच नंतरच्या जातींचे असतात. नाव पक्कं ठरलं नाही, आणि आमचं त्यावाचून अडलंही नाही. या वर्गातल्या मोठ्या पिवळ्या जाती दणकट असतात आणि त्यांचे कंद भराभर वाढतात, हे लक्षात घेणं जास्त कामाचं होतं. संकर करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांच्यात जो जोर भरला, तोच जोर जागा पुरेनाशी झाली की त्यांच्या अंगाशी येतो.

चार जागा, चार तऱ्हा

एकच जात या बागेत चार ठिकाणी होती, म्हणून हे प्रकरण सुटलं. एकाच ठिकाणी असती तर मी नुसते अंदाज बांधत बसले असते.

पहिली जागा पुढचं लॉन. दुसरी मागच्या अंगणातल्या चेरीच्या झाडाखालची. तिसरी दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीलगतचा वाफा, बागेतला सगळ्यात उबदार कोपरा. आणि चौथी कंपोस्टच्या पेटीमागे, हेजच्या (झुडपांच्या कुंपणाच्या) कडेला, जिथे कचरा टाकायला जाण्याखेरीज कोणी फिरकत नाही. त्या चौथ्या जागी मी गेले त्या दिवशीही डॅफोडिल व्यवस्थित फुललेले होते. काकूंच्या ते ध्यानातच नव्हतं. जात तीच, माती तीच जड चिकण, लावणारा हातही बहुधा तोच. फुलं मात्र फक्त तिथे. तेव्हा दोष कंदाच्या कुळात नाही हे त्याच दिवशी कळलं. प्रश्न एवढाच उरला की इतर तीन जागी काय बिघडलं.

पात नीट पाहिली तर तिन्ही जागांची दुखणी वेगळी होती. लॉनमधली पात रुंद आणि गडद हिरवी, पण प्रत्येक जागी तीन-चारच पानं. चेरीखाली पानांचा नुसता गुच्छ, इतका दाट की बोट शिरेना. भिंतीलगत पानं गवताच्या काडीएवढी बारीक, जागोजागी मोकळी माती. पात गेली की कंद कुठे आहे ते सापडत नाही, म्हणून काकांनी एप्रिलमध्येच बांबूच्या काड्या रोवून खुणा केल्या आणि खणायचं काम आम्ही जूनच्या मध्यावर, पात पिवळी पडून लोळल्यावर केलं.

चेरीखाली फोर्क, म्हणजे खणायचा दातेरी काटा, खोल घालून उचकटलं तर अख्खं ढेकूळच वर आलं. माती झाडल्यावर त्यातून चाळीसच्या आसपास कंद निघाले, मूळ लावलेले फार तर चार-पाच असतील. जागा नसल्यामुळे एकमेकांवर दाबून ते लसणाच्या पाकळ्यांसारखे चपटे झाले होते. बहुतेकांचा घेर ८ सेंटिमीटरच्या आत. या मोठ्या जातींचा कंद घेराला १० सेंटिमीटर भरला नाही तर त्याला बहुधा फूल येत नाही, नुसती दोन पानं येतात. शिवाय झाडाखालची माती जूनमध्येच भुकटीसारखी कोरडी होती. चेरीची मुळं वरच्या थरातलं सगळं पाणी पिऊन टाकतात. दाटी आणि तहान दोन्ही एकाच जागी.

लॉनमधले कंद दाटीत नव्हते. सुटे, चांगले १२-१५ सेंटिमीटर खोल, तरीही हडकलेले. त्याचं कारण काकूंच्याच बोलण्यातून निघालं. गवत कापणारा माणूस एप्रिलच्या मध्यापासून दर पंधरवड्याला येतो आणि डॅफोडिलची पात गवताबरोबरच साफ करतो. फुलं गेल्यावर ती तशीही गबाळी दिसते, म्हणून कोणी त्याला अडवलं नाही. त्यातच वसंतात लॉनला खत पडत होतं. त्या खतात नत्र भरपूर असतं. गवताला ते हवंच असतं, पण डॅफोडिलची त्याने पातच माजते, आणि नत्र जास्त झालेला कंद कुजीला लवकर बळी पडतो.

भिंतीलगतचा वाफा खणताना मात्र मला वाईट वाटलं. फोर्कला लागलेला पहिलाच कंद बाहेरून धड दिसत होता, हातात घेतला तर हलका. अंगठ्याने दाबल्यावर आत गेला. चिरून पाहिलं : आत पोकळी, आणि पोकळीत तपकिरी चिखलासारखी घाण. आसपास त्याच कंदाच्या कडेने वाचलेली बोटभर पिल्लं. ती गवतासारखी पात या पिल्लांचीच होती. ही करणी मोठ्या डॅफोडिल माशीची, शास्त्रीय नाव मेरोडॉन इक्वेस्ट्रिस. दिसायला लहानशी केसाळ भुंग्यासारखी, त्यामुळे बागेत ती फिरताना कोणाला संशय येत नाही. एप्रिलअखेर ते जून या काळात, ऊन पडलेल्या उबदार दिवशी ती सुकायला लागलेल्या पातीच्या बुडाशी मातीजवळ अंडं घालते. पात वाळली की कंदाच्या मानेपाशी मातीत भोक उरतं. अळी त्या वाटेने खाली उतरते, बुडातून कंदात शिरते आणि मधला कोंभ खाऊन टाकते. एका कंदात सहसा एकच अळी, पण तेवढी पुरते. ऊन आणि आडोसा तिला आवडतो. सावलीच्या, वाऱ्याच्या जागी ती फारशी येत नाही. आम्ही ज्या भिंतीच्या उबेचं कौतुक करतो ती तिच्याही सोयीची होती. कंदाच्या आत बसलेल्या अळीला वरून मारलेली फवारणी काही करत नाही.

दोन रोग नक्की नाहीत हेही पाहायचं होतं. प्रत्येक जागचे एक-दोन कंद आडवे कापले. सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) लागले असते तर आतल्या पापुद्र्यांमध्ये तपकिरी वर्तुळं दिसली असती आणि वसंतात पातीवर पिवळट गाठी उठल्या असत्या. तसं काही निघालं नाही, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला या सूत्रकृमींनी इंग्लंडमधली डॅफोडिलची शेती मोडकळीला आणली होती. सोसायटीच्या विज्लीतल्या बागेत काम करणाऱ्या जेम्स रॅम्सबॉटम या तरुण संशोधकाने त्यावर उपाय शोधला : कंद सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवायचे. कृमी मरतात, कंद जगतो. मोठे उत्पादक थोड्याफार फरकाने आजही हेच करतात, आणि त्याने माशीच्या अळ्याही मरतात. काकांना ही कल्पना फार आवडली. पण एखाद-दोन अंशांच्या फरकाने कंदातला फुलाचा अंकुर मरतो, आणि घरच्या पातेल्यात तीन तास तापमान जराही ढळू न देणं जमत नाही. घरच्या बागेत कृमी निघाले तर कंद जाळावेत किंवा कचऱ्यात द्यावेत, हेच बरं.

बुडकूज मात्र दोन कंदांत सापडली. मुळं जिथून फुटतात ती तबकडी चॉकलेटी आणि मऊ झालेली. ही फ्युसारियम बुरशी उन्हाळ्यातल्या तापलेल्या मातीत जोर करते. दोन्ही कंद कंपोस्टमध्ये न टाकता घरच्या कचऱ्यात गेले.

फूल कधी तयार होतं

लॉनच्या बाबतीत काका-काकूंना सगळ्यात कठीण गेलं ते हे पटणं, की एप्रिलमध्ये पात कापल्यामुळे पुढच्या मार्चचं फूल जातं. मधे अकरा महिने आहेत, तेवढ्यात कंद सावरत नाही का?

सावरत नाही, कारण पातीशिवाय त्याच्याकडे सावरायला साधन नाही. फूल येईस्तोवर कंदातला साठा जवळजवळ रिकामा झालेला असतो. फूल गळल्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांत पात उन्हावर अन्न तयार करून तो पुन्हा भरते. आणि हे भरणं चालू असतानाच, मे-जूनच्या सुमाराला, कंदाच्या आत पुढच्या वर्षीच्या फुलाची सुरुवात होते. साठा पुरेसा असेल तर मधला कोंभ फुलाकडे वळतो, नाही तर नुसती पानं धरून बसतो. जुलै-ऑगस्टपर्यंत निकाल लागलेला असतो. त्यानंतर कितीही खत घाला, त्या वर्षापुरतं काही बदलत नाही.

हे तोंडी सांगून पटेना, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही दोन कंद उभे चिरले. एक हेजजवळचा, एक लॉनमधला. हेजजवळच्या कंदात पांढऱ्या जाड पापुद्र्यांच्या मधोमध पुढच्या वर्षीच्या पानांची फिकट पिवळी टोकं होती, आणि ती सुईने बाजूला सारल्यावर आत काही मिलिमीटरची कळी. काकांच्या पोस्टाच्या तिकिटांच्या भिंगाखाली तिच्या सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि तुतारी जिथून उठणार ती बारीक कड, सगळं दिसत होतं. बाहेर ऑगस्टचं ऊन, आणि मार्चचं फूल आत अंगाने पुरं. लॉनमधल्या कंदात पानांची टोकं होती, त्यांच्यामध्ये काही नव्हतं. काका बराच वेळ भिंग धरून बसले. मग काकूंना म्हणाले, "पुढच्या वर्षी जूनपर्यंत मशीन त्या बाजूला जाणार नाही."

पातीच्या गाठी मारून किंवा रबरबँड लावून ती 'नीटनेटकी' करायची पद्धत इथे घरोघरी दिसते. मला ती मुळीच पसंत नाही. दुमडलेल्या पानाला ऊन मिळत नाही, मोडलेल्या पानातून अन्न खाली उतरत नाही. थोडक्यात पात अर्धी कापल्यासारखंच होतं. गबाळी दिसते तर दिसू द्यावी. पुढे डेलिली किंवा हार्डी जिरॅनियम लावलं की त्यांची पानं मे महिन्यात आपोआप ती झाकून घेतात.

काय केलं

उकरलेले कंद प्रत्येक जागेचे वेगळे ठेवून सावलीत जाळीवर पसरले, वाळल्यावर माती आणि सुटी सालं काढून जाळीच्या पिशव्यांत भरले. पिल्लू आईला घट्ट चिकटलेलं असेल तर ओढून तोडायचं नाही. त्याने बुडाची तबकडी फाटते आणि तिथून कूज शिरते. हलक्या हाताने जेवढी सुटतात तेवढी सोडवायची. लहान कंद फेकण्यासारखे नसतात, त्यांना एक-दोन वर्षं द्यावी लागतात एवढंच.

पिशव्या कुठे टांगायच्या यावरून थोडा वाद झाला. काकूंना गॅरेज सोयीचं वाटत होतं, पण त्याच गॅरेजमध्ये त्यांचं कांद्यांचं पोतं असतं. मी ठाम नाही म्हटलं. डॅफोडिलचा कंद दिसायला कांद्यासारखाच असतो आणि विषारी असतो. त्यातलं लायकोरीन हे विष पोटात गेलं की थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१५ मध्ये सुपरमार्केटांना डॅफोडिल भाजीपाल्यापासून लांब ठेवायला सांगितलं होतं ते याच कारणाने. आपल्या स्वयंपाकात तर कांद्याची पात, लसणाची पातही असते. त्यामुळे लहान कंद भाजीच्या वाफ्यात लसणाशेजारी लावायची काकूंची सूचनाही मला मान्य नव्हती. डॅफोडिलची पात चुरडली तर कांदा-लसणाचा वास येत नाही ही एक खूण आहे, पण घाईत भाजीला पात खुडताना कोण वास घेऊन बघतं? पिशव्या शेडमध्ये गेल्या, वर काकूंनी मराठीत आणि इंग्रजीत 'विषारी' अशी चिठ्ठी लावली. कंद आणि ताजे देठ हाताळताना हातमोजेही हवेत. त्यांच्या चिकाने कातडीवर खाज सुटून पुरळ उठतं.

सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा सगळे कंद एकेक करून दाबून पाहिले. भिंतीकडच्या पिशवीतले काही मानेपाशी मऊ लागले. चिरल्यावर आत जाडजूड, मळकट पांढरी अळी. जूनमध्ये ती इतकी लहान होती की दिसली नव्हती. असे सगळे कंद टाकून दिले. कडक आणि जड तेवढेच ठेवले.

लावणीचा महिना सप्टेंबरच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले कंदही जगतात, पण डॅफोडिलची मुळं उन्हाळा सरताच फुटायला लागतात, त्यामुळे लवकर लावलेल्याला फायदा मिळतो. खड्डे १५ ते १८ सेंटिमीटर खोल, म्हणजे कंदावर त्याच्या उंचीच्या दुप्पट माती येते. दोन कंदांत साधारण १२ ते १५ सेंटिमीटर अंतर. माती चिकण असल्यामुळे तळाशी मूठभर जाड खडी मिसळली. काकांना खड्ड्यात शेणखत घालायची फार इच्छा होती, तीही लहानपणापासून पाहिलेल्या पद्धतीप्रमाणे. इथे मी आडवी आले. ताजं किंवा अर्धवट कुजलेलं खत कंदाला लागलं की बुडकुजीचं फावतं. त्याऐवजी फेब्रुवारीत कोंभ वर दिसल्यावर चौरस मीटरला ३५ ग्रॅम या बेताने पोटॅशियम सल्फेट मातीवर भुरभुरलं. फुलं गेल्यावर पात हिरवी असेतो टोमॅटोचं पालाशयुक्त द्रवखत दिलं. लॉनचं खत त्या भागात पूर्ण बंद.

सगळे मोठे कंद लॉनच्या डाव्या निम्म्या भागात एकत्र आणले, विखुरलेले ठेवले नाहीत. त्यामुळे उरलेलं लॉन नेहमीप्रमाणे कापता येतं, आणि डॅफोडिलच्या तुकड्याभोवती मशीनने स्वच्छ कड काढली की मे महिन्यातलं वाढलेलं गवत मुद्दाम राखल्यासारखं दिसतं. शेजारपाजाऱ्यांच्या नजरेची काकांना काळजी होती, ती एवढ्यावर मिटली. लहान कंद हेजच्या कडेला रांगेने लावले. भिंतीलगत डॅफोडिल पुन्हा लावले नाहीत. तिथे लॅव्हेंडर आहे.

चेरीखाली मोठ्या जातीऐवजी 'तेत-अ-तेत' लावले. हा संकर कॅम्बोर्नच्या ॲलेक ग्रे यांचा. वीतभर उंचीचा, एका देठावर दोन-तीन फुलं. 'जम्ब्ली' आणि 'क्विन्स' ही त्याची भावंडं एकाच बोंडातल्या बियांपासून निघाली. काकू दर फेब्रुवारीत त्याची कुंडी दुकानातून आणायच्या आणि फुलं गेली की टाकून द्यायच्या. आता फूल गेल्यावर कुंडीतला गोळा तसाच जमिनीत जातो. लवकर फुलणारी बुटकी जात असल्याने चेरीला दाट पानोळा येण्याआधीच तिची पात बरंचसं काम उरकून घेते. झाडाखाली एप्रिल-मे कोरडा गेला तर आठवड्याला एकदा भरपूर पाणी घालायचं, एवढी एक अट.

पुढचे वसंत

पहिल्या मार्चमध्ये लॉनवर फुलं तुरळकच आली, जवळजवळ सगळी घेराने मोठ्या कंदांची. मी तसं आधीच सांगितलं होतं, तरी काकूंचा चेहरा उतरला. कळ्या नव्हत्या कारण त्या आदल्या उन्हाळ्यात धरल्याच नव्हत्या. कंदांना पात पूर्ण राखून मिळालेला पहिला मे अजून यायचा होता. तो आला, गवत गुडघाभर वाढलं, सुकलेली फुलं काकूंनी बी धरण्याआधी खुडून टाकली आणि देठ तसेच ठेवले. हिरवा देठही पानासारखंच अन्न तयार करतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पात पिवळी पडल्यावरच मशीन फिरलं.

दुसऱ्या मार्चमध्ये लॉनचा तो तुकडा भरला. सगळ्या जागी नाही, पण दुरून पिवळा दिसेल एवढा. काकूंनी फोनवर मोजून सांगायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. चेरीखालचे बुटके त्याआधीच फुलून गेले होते. हेजच्या रांगेतल्या लहान कंदांपैकी थोड्यांनीच फूल दिलं. बाकीच्यांची पात मात्र आदल्या वर्षीपेक्षा रुंद आहे, म्हणजे ते वाटेवर आहेत.

फोटो पुण्याला गेले, आणि काकूंच्या भावाने येताना पाच-दहा कंद आणायला सांगितले. मी त्यांना स्पष्ट कळवलं की आणू नयेत. एक तर भारतात कंद न्यायला आयातीची परवानगी आणि रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सुटकेसमधून नेणं गैर आहे, आणि सूत्रकृमींची गोष्ट वाचलेल्या माणसाने तर ते करूच नये. दुसरं म्हणजे या तुतारीवाल्या संकरांना कळी तयार झाल्यानंतर तीन-चार महिने ९ अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी थंडी लागते, तेव्हा कुठे देठ लांबतो. पुण्याच्या डिसेंबरात रात्री गार असल्या तरी दुपारी माती तापते. पात येईल, कळी आतच सुकेल. हौसच असेल तर टॅझेटा वर्गातले 'पेपरव्हाइट' तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावेत. त्यांना थंडीची ही अट नाही. उत्तर भारतात नर्गिस म्हणून फुलतो तो याच गोतावळ्यातला.

हेजजवळचा जुना गठ्ठा, ज्याच्यामुळे हे सगळं उलगडलं, तो आता स्वतः दाट झालाय. यंदा तिथे फुलं गेल्या वर्षीपेक्षा कमी होती आणि देठही बारीक. जूनमध्ये तो उकरायचा ठरलंय, आणि निघतील त्यातले निम्मे कंद शेजारणीने आत्ताच मागून ठेवलेत.